प्रदूषित नदीतला ऑक्सिजन: कुठे, कधी आणि कसा मोजायचा

सांडपाण्याचा नाला नदीला मिळतो तिथे उभं राहिलं की आपोआप नाकाला रुमाल जातो. पाणी काळपट, वर फेस, काठाला चिकटलेला गाळ. नदीची सगळ्यात वाईट जागा हीच, असं कुणालाही वाटेल. सुरुवातीला मलाही वाटायचं. नाल्याच्या थोडं खाली, पाणी नीट मिसळल्यावर मी बाटली भरली आणि विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे सात मिलिग्रॅमच्या आसपास निघाला. वहीत ‘ठीक’ असं लिहून मोकळा झालो. दोन दिवसांनी बरंच खालून निरोप आला की पहाटेपासून मासे पाण्यावर तोंड काढून तडफडतायत. माझं मोजमाप बरोबर होतं. जागा आणि वेळ मात्र दोन्ही चुकले होते.

नाल्याच्या तोंडाशी घाण जास्तीत जास्त असते, पण ऑक्सिजन कमीत कमी असतोच असं नाही. घाण खाणाऱ्या जिवाणूंना ती खायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात पाणी पुढे वाहत जातं. त्यामुळे ऑक्सिजनचा तळ, म्हणजे तो सगळ्यात कमी असतो ती जागा, कित्येक किलोमीटर खाली सापडतो. ती जागा कशी शोधायची, तिथे कधी जायचं, बाटली कशी भरायची आणि आकडे कसे वाचायचे, हे पुढे क्रमाने सांगतो. एखाद्या गटाला, शाळेच्या शिक्षकांना किंवा काठावर राहणाऱ्यांना आपल्या नदीचं हे काम स्वतः करता यावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आधी जमाखर्च समजून घ्या

हवेत ऑक्सिजन भरपूर आहे, पाण्यात फार थोडा मावतो. पंचवीस अंशाच्या एक लिटर हवेत सुमारे २७५ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. त्याच तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात, पाणी पूर्ण तृप्त झालं, म्हणजे मावेल तितका ऑक्सिजन त्यात शिरला तरी, जेमतेम ८.३. म्हणजे मासा आपल्यापेक्षा तीसपट तुटपुंज्या साठ्यावर जगतो. त्या साठ्यातले चार-पाच मिलिग्रॅम उडाले तर काय होत असेल, हे एवढ्यावरून कळावं.

पाणी तापलं की हा साठा आणखी आक्रसतो. समुद्रसपाटीला गोड्या पाण्याची तृप्ततेची पातळी अशी (सगळे आकडे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये, पुढेही तसंच समजा):

० अंश: १४.६
१० अंश: ११.३
२० अंश: ९.१
२५ अंश: ८.३
३० अंश: ७.६

उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने हजार मीटरवर यातून साधारण दहा-अकरा टक्के वजा होतात. खारं पाणी तर याहून कमी ऑक्सिजन धरतं. म्हणून वहीत नुसता ऑक्सिजन लिहून भागत नाही, शेजारी पाण्याचं तापमान हवंच. सातचा आकडा दहा अंशाला ओढग्रस्तीचा, तर तीस अंशाला जवळपास भरल्या घराचा. तृप्ततेची पातळी वजा मोजलेला ऑक्सिजन, याला ‘तूट’ म्हणतात. पुढचं सगळं गणित तुटीचंच आहे.

जमेच्या बाजूला दोन रकमा: पृष्ठभागातून शिरणारी हवा, आणि दिवसा शेवाळ व पाणवनस्पती सोडतात तो ऑक्सिजन. खर्चाच्या बाजूला चार: सेंद्रिय घाण खाणारे जिवाणू, अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू, तळाचा गाळ, आणि रात्रीचा शेवाळाचा स्वतःचा श्वास. हवेतून होणारी जमा तुटीच्या प्रमाणात वाढते. तूट जितकी मोठी तितकी हवा जोराने आत शिरते. नदी सावरते ती यामुळे, आणि कितीही सावरली तरी तिला वेळ लागतो तोही यामुळेच.

पहिली पायरी: नदीचा पट्टा आखा

नकाशा घ्या आणि नाल्याच्या वर एक, खुद्द नाल्यात एक, नाल्याच्या खाली निदान पाच-सहा ठिकाणं ठरवा. वरचं ठिकाण कधीही गाळू नका. तिथला आकडा नसेल तर खाली जे दिसलं ते नाल्यामुळे की आधीपासूनच, हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहतो.

नाल्याखालचं पहिलं ठिकाण निवडताना घाई होते आणि इथेच मोठी फसगत असते. नाल्याचं पाणी नदीत शिरल्या शिरल्या मिसळत नाही, ते आपल्या काठाला धरून लांबवर वाहतं. रुंद, संथ पात्रात ही काळी पट्टी कित्येक किलोमीटर तशीच दिसते. एका काठाने घेतलेली बाटली गटाराची गोष्ट सांगते, समोरच्या काठाची स्वच्छ नदीची. पाणी मिसळलंय की नाही हे बघायचा सोपा उपाय म्हणजे विद्युतवाहकता. हातात मावणाऱ्या साध्या मीटरने डावा काठ, मध्य आणि उजवा काठ अशी तीन ठिकाणी ती मोजा. सांडपाण्यात क्षार जास्त असल्याने आकडा लगेच फरक दाखवतो. तिन्ही जवळपास सारखे आले की नाल्याखालचं पहिलं ठिकाण तिथे धरा.

पुढची ठिकाणं किलोमीटरवर नाही, प्रवासाच्या वेळेवर बेतायची. त्यासाठी पाण्याचा वेग लागतो. काठावर वीस मीटर मोजून दोन काठ्या रोवा, वरच्या अंगाला लाकडाचा तुकडा टाका, घड्याळ लावा. असं चार-पाच वेळा करून सरासरी काढा आणि तिला ०.८५ ने गुणा, कारण पृष्ठभागावरचं पाणी खालच्यापेक्षा जरा वेगाने पळतं. सेकंदाला ०.३ मीटर वेग असेल तर पाणी दिवसात सुमारे २६ किलोमीटर जातं. मग पाव दिवस, अर्धा दिवस, एक दिवस, दीड दिवस, तीन दिवस अशा प्रवासाच्या अंतरांवर ठिकाणं पाडा. वाटेत दुसरा नाला, उपनदी किंवा बंधारा असेल तर त्याच्या वर-खाली एकेक ठिकाण वाढवा.

सरासरी वेगाला पात्राच्या रुंदीने आणि सरासरी खोलीने गुणलं की प्रवाह मिळतो. नाल्याचाही याच रीतीने मोजा. हे दोन आकडे पुढे लागणार आहेत.

दुसरी पायरी: पहाटे उठा

हा सल्ला लोक हसून सोडून देतात, पण यात अर्धं काम आहे. सांडपाण्याबरोबर नायट्रोजन आणि फॉस्फरस येतात, त्यांवर शेवाळ फोफावतं. उन्हात ते इतका ऑक्सिजन सोडतं की दुपारी तीनच्या सुमाराला पाणी तृप्ततेच्याही वर जातं. तीस अंशाच्या पाण्यात जिथे ७.६ मावायला हवेत तिथे मीटर १२ दाखवू शकतो. सूर्य मावळला की उत्पादन बंद, श्वास मात्र चालू. रात्रभर खर्चच खर्च. सूर्योदयाच्या जरा आधी त्याच जागी दोन-तीन मिलिग्रॅम उरलेले असतात. मासे मरतात ते त्या वेळी.

कार्यालयीन वेळेत, अकरा ते चारमध्ये घेतलेले नमुने अशा नदीला निरोगी ठरवतात. शेवाळाने हिरवं झालेलं पाणी आणि दुपारी ११०-१२० टक्के तृप्तता ही जोडी दिसली तर मी आनंद मानत नाही, पहाटेची फेरी ठरवतो. एकदाच जाणं शक्य असेल तर सूर्योदयापूर्वी जा. दोनदा शक्य असेल तर त्याच ठिकाणी दुपारीही जा. दोन आकड्यांतलं अंतर शेवाळाचा जोर सांगतं.

तिसरी पायरी: बाटली भरणं

३०० मिलिलिटरची, घासलेल्या काचेचं टोकदार बूच असलेली, ‘बीओडी बाटली’ म्हणतात ती घ्या (बीओडी म्हणजे काय, ते पाचव्या पायरीत). बादलीतून ओतून ती भरली तर पडणाऱ्या धारेबरोबर हवा मिसळते आणि मेलेल्या पाण्यातही ऑक्सिजन सापडतो. नमुना घ्यायच्या भांड्यातून रबरी नळी बाटलीच्या तळापर्यंत सोडा, पाणी खालून वर चढू द्या, दोन-तीन बाटल्यांइतकं बाहेर सांडू द्या, मग नळी हळूच काढून बूच तिरकं सरकवत बसवा. बाटली उलटी करून मानेशी बघा. मोहरीएवढा बुडबुडा दिसला तरी ती ओतून पुन्हा भरा.

नमुना मध्यधारेतून, खोलीच्या साधारण निम्म्यावरून घ्यावा. डोह असेल तर तळाजवळचा एक वेगळा, कारण डोहात वर सहा आणि खाली एक अशी स्थिती सर्रास आढळते.

चौथी पायरी: काठावरच ऑक्सिजन बांधा

मीटर असेल तर काम सोपं. त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा ठाऊक असलेल्या मापाशी जुळवणं, रोज पाण्याच्या वाफेने तृप्त हवेत करा. पडद्याचा इलेक्ट्रोड असेल तर पाणी त्याच्यावरून वाहतं ठेवा, कारण तो स्वतः ऑक्सिजन खातो आणि साचलेल्या पाण्यात आकडा हळूहळू घसरत जातो. प्रकाशीय सेन्सरला ही अडचण नाही.

तरीही विंकलरची पद्धत हातची सोडू नका. हंगेरीचे रसायनशास्त्रज्ञ लायोश विंकलर यांनी ती १८८८ मध्ये मांडली आणि मीटर खरं बोलतो की नाही हे आजही तिच्यावरूनच ठरवता येतं. शिवाय ती डोळ्यांना दिसते. भरलेल्या बाटलीत पाण्याच्या पातळीखाली पिपेट नेऊन २ मिलिलिटर मँगनीज सल्फेट सोडायचं, मग तसंच २ मिलिलिटर अल्कली-आयोडाइड-अझाइड. बूच लावून बाटली हळूहळू वर-खाली उलटायची. ऑक्सिजन असेल तर आत तपकिरी साका फुलतो, ढगासारखा फिरतो आणि मग खाली बसायला लागतो. ऑक्सिजन जितका जास्त तितका रंग गडद. आणि पाणी मेलेलं असेल तर साका पांढराशुभ्र राहतो. पहिल्यांदा पांढरा साका पाहिला तेव्हा मी बाटली किती तरी वेळ उजेडात धरून उभा होतो. नदीच्या भर पात्रातलं पाणी होतं ते.

साका अर्धा खाली बसला की २ मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालायचं. साका विरघळून पाणी आयोडीनने पिवळं होतं. हा नमुना अंधारात ठेवून त्याच दिवशी, सहा-आठ तासांत तपासता येतो. २०३ मिलिलिटर नमुना घेऊन ०.०२५ नॉर्मल तीव्रतेच्या सोडियम थायोसल्फेटने टायट्रेशन करा, म्हणजे रंग जाईपर्यंत ते मोजून थोडं-थोडं सोडा. फिकट पिवळा झाला की स्टार्च घाला, निळा रंग जाईपर्यंत थेंब-थेंब सोडा. जितके मिलिलिटर लागले तितके मिलिग्रॅम ऑक्सिजन. २०० ऐवजी २०३ का, तर घातलेल्या रसायनांनी बाटलीतलं थोडं मूळ पाणी बाहेर ढकललेलं असतं, त्याची ही भरपाई. अझाइड विषारी आहे आणि आम्ल भाजतं. हातमोजे आणि चष्म्याशिवाय हे काम करू नका, मुलांच्या हाती तर बाटल्या देऊच नका. त्यांना साका बघू द्या.

पाचवी पायरी: भूक मोजा

आज किती ऑक्सिजन आहे हे कळलं. पाणी पुढे किती मागणार, हे बीओडी सांगते, म्हणजे जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी. नमुना ऑक्सिजनने तृप्त अशा पोषक पाण्यात पातळ करून बाटलीत भरायचा, काही बाटल्यांचा ऑक्सिजन लगेच मोजायचा, उरलेल्या अंधारात २० अंशाला पाच दिवस ठेवून मग मोजायचा. भारतीय मानकात २७ अंशाला तीन दिवसांची पद्धत आहे. दोन्ही आकडे एकाच तक्त्यात सरमिसळ करू नका.

नाल्याचे ६ मिलिलिटर पाणी ३०० च्या बाटलीत घातलं, म्हणजे २ टक्के. सुरुवातीला ८.२ होते, पाच दिवसांनी ४.२. फरक ४, भागिले ०.०२, बीओडी २००. घरगुती सांडपाण्याची बीओडी साधारण १५० ते ३०० असते, स्वच्छ नदीची एक-दोन. बाटलीतला ऑक्सिजन निदान २ ने उतरला पाहिजे आणि शेवटी निदान १ उरला पाहिजे, नाहीतर ती बाटली बाद. म्हणून एकाच नमुन्याची तीन-चार वेगवेगळी पातळ मिश्रणं लावायची.

पाच दिवसांत सगळी घाण संपत नाही. सांडपाण्यासाठी विघटनाचा दर २० अंशाला दिवसाला ०.२३ धरला तर पाच दिवसांत एकूण भुकेच्या सुमारे ६८ टक्के भागते. पाच दिवसांच्या बीओडीला ०.६८ ने भागलं की अंतिम मागणी मिळते.

सहावी पायरी: तळ कुठे आहे, ते काढा

१९२५ मध्ये अमेरिकेत स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी ओहायो नदीच्या अभ्यासातून त्यासाठीचं समीकरण दिलं. त्यात दोनच शक्तींची ओढाताण आहे: जिवाणूंचा खर्च आणि हवेची भरपाई. दोरीला जसा झोळ पडतो तसा आलेख उतरतो आणि पुन्हा चढतो. मी त्याला ऑक्सिजनचा झोळच म्हणतो.

एक काल्पनिक नदी घेऊ. प्रवाह सेकंदाला ५ घनमीटर, ऑक्सिजन ७.८, बीओडी २, तापमान २५ अंश. नाला सेकंदाला ०.५ घनमीटर, ऑक्सिजन शून्य, बीओडी २००. मिसळल्यावर:

ऑक्सिजन = (५ × ७.८ + ०.५ × ०) ÷ ५.५ = ७.१
बीओडी = (५ × २ + ०.५ × २००) ÷ ५.५ = २०

हा ७.१ म्हणजे मी वहीत ‘ठीक’ लिहिलं तसलाच आकडा. त्याच्या शेजारची बीओडी मी तेव्हा मोजलीच नव्हती.

अंतिम मागणी २०÷०.६८, साधारण २९.३. तूट ८.२६ वजा ७.०९, म्हणजे १.१७. विघटनाचा दर प्रत्येक अंशाला १.०४७ पट वाढतो, म्हणून २५ अंशाला ०.२९. हवेच्या भरपाईचा दर वेग आणि खोलीवरून येतो. ओ’कॉनर-डॉबिन्स सूत्रानुसार ३.९३ गुणिले वेगाचं वर्गमूळ, भागिले खोलीचा दीडावा घात. वेग ०.३ मीटर आणि खोली १.५ मीटर धरली तर १.१७ येतो, तापमानाची दुरुस्ती (अंशाला १.०२४ पट) करून १.३२. खोलीचा घात दीड आहे, तिकडे लक्ष असू द्या. उथळ, खळाळती नदी पटपट श्वास घेते, खोल आणि संथ नदी फार सावकाश.

आता कोणत्याही दिवसानंतरची तूट. वि म्हणजे विघटनाचा दर, पु म्हणजे भरपाईचा दर, म अंतिम मागणी, तू सुरुवातीची तूट, दि दिवस. घा( ) म्हणजे कॅल्क्युलेटरवरचं घातांकी फल:

तूट = वि × म ÷ (पु − वि) × [घा(−वि × दि) − घा(−पु × दि)] + तू × घा(−पु × दि)

स्प्रेडशीटमध्ये एका रकान्यात दिवस, शेजारी हे सूत्र, आणि तिसऱ्यात ८.२६ वजा तूट. उत्तरं अशी येतात:

पाव दिवस, साडेसहा किलोमीटर: ५.७
अर्धा दिवस, १३ किलोमीटर: ४.८
१.३ दिवस, ३४ किलोमीटर: ३.९
३ दिवस, ७८ किलोमीटर: ४.९
६ दिवस, १५५ किलोमीटर: ६.८

झोळाचा तळ ३४ किलोमीटरवर आहे. ५ च्या खाली बहुतेक माशांना त्रास सुरू होतो, २ च्या खाली फार थोडे तगतात. हा सगळा त्रास नाल्यापासून इतका लांब सोसावा लागतो की तिथल्या माणसांना नाला कुठे आहे हे ठाऊकही नसतं. झोळ दोन्ही बाजूंनी सारखा नाही, हेही बघा. उतरायला सव्वा दिवस लागला, सहा दिवस झाले तरी नदी मूळच्या ७.८ वर पोचलेली नाही.

आता उन्हाळा आणा. नाला तोच, नदी सेकंदाला २ घनमीटरवर उतरली, पाणी ३० अंशाला, वरच्या अंगाला ऑक्सिजन ७.२, वेग ०.१७ मीटर, खोली १.२ मीटर. मिसळलेली बीओडी ४१.६, अंतिम मागणी जवळपास ६१. सूत्र तळाला ऑक्सिजन उणे १.८ दाखवतं. उणे ऑक्सिजन निसर्गात नसतो. अर्थ एवढाच की अर्ध्या दिवसाच्या आत, सातेक किलोमीटरवर ऑक्सिजन संपला आणि त्यापुढे हे समीकरण लागू नाही. तिथून पुढे जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढतात, तो संपला की मँगनीज आणि लोहाची संयुगं, मग सल्फेट. सडक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, गाळ काळा होतो तो लोहाच्या सल्फाइडने, आणि तळातून बुडबुडे येतात ते मिथेनचे. नाक आणि डोळे यांना ही खूण मीटरशिवायही कळते.

सातवी पायरी: आलेख जुळला नाही तर

मोजलेले आकडे आणि गणित क्वचितच तंतोतंत जुळतात. न जुळण्यातच नदीची खरी माहिती असते.

झोळातून नदी वर यायला लागली आणि पुन्हा दुसरा झोळ पडला, तर अमोनियाकडे बघा. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू सावकाश वाढतात आणि त्यांना पाण्यात थोडा ऑक्सिजन लागतोच, म्हणून ते मागाहून कामाला लागतात. अमोनिया-नायट्रोजनच्या एका ग्रॅममागे ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन जातो. आपल्या नाल्यात असा नायट्रोजन ३० असेल तर मिसळल्यावर २.७ राहतो, आणि त्याची मागणी १२.५ होते. ती आधीच्या २९.३ च्या वर. पाच दिवसांच्या बीओडीत ही रक्कम बहुतेक वेळा नीट दिसतच नाही.

आकडे गणितापेक्षा सलग खाली असतील, विशेषतः डोहांत आणि बंधाऱ्यामागे, तर तळाचा गाळ ऑक्सिजन पितोय. वर्षानुवर्षं बसलेली घाण आहे ती. पृष्ठभाग जलपर्णीने झाकला असेल तर हवा शिरत नाही आणि खाली उजेडही पोचत नाही. साबणाचा फेस असेल तर भरपाईचा दर आणखी घटतो.

बंधाऱ्यावरून पाणी कोसळतं तिथे आकडा एकदम उडी मारतो. पण ती उडी बघून फसू नका. भूक तशीच असते, आणि पुढच्या संथ पट्ट्यात ऑक्सिजन पुन्हा उतरतो.

कोरड्या दिवसांनंतरच्या पहिल्या जोरदार पावसाला मात्र हे सगळं गणित बाजूला ठेवून बाटल्या घेऊन निघा. पाणी वाढलं म्हणजे घाण पातळ झाली असं वाटतं. प्रत्यक्षात गटारांत आणि रस्त्यांवर साचलेलं सगळं एकाच लोंढ्यात येतं, तळाचा काळा गाळ ढवळून वर उठतो आणि त्यातली सल्फाइडं काही तासांत ऑक्सिजन फस्त करतात. मोठ्या संख्येने मासे मेल्याच्या बातम्या पहिल्या पावसानंतर येतात, त्याचं कारण बहुधा हेच. दर दोन-तीन तासांनी नमुना घेतला तरच ही घसरण हाती लागते.

आठवी पायरी: काय बदललं तर काय होईल

समीकरणाचा खरा उपयोग इथे. पहिल्या नदीत नाल्याची बीओडी २०० ऐवजी ३० करा आणि त्याच्या पाण्यात २ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरा. बाकी सगळं तसंच. मिसळलेली बीओडी ४.५ होते आणि झोळाचा तळ ७.१ वर थांबतो. ३.९ कुठे आणि ७.१ कुठे. उलट नाला तसाच ठेवून पात्रात कारंजी लावली तर तेवढ्या पट्ट्यापुरता भरपाईचा दर वाढतो, भूक मात्र जवळपास सगळी पुढे जाते. आणीबाणीत मासे वाचवायला कारंजी ठीक. त्यांना उपाय म्हणणं मला पटत नाही.

टेम्सचं उदाहरण यासाठी पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. १९५७ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्यूझियमने शहरातली टेम्स जैविकदृष्ट्या मृत असल्याचं सांगितलं होतं. पुढच्या काळात सांडपाण्याची मोठी केंद्रं सुधारली, ऑक्सिजन परत आला आणि १९७४ मध्ये टेम्समध्ये पुन्हा साल्मन मासा सापडला.

शुद्धीकरण सुरू झाल्यावर तपासणीला जाल तेव्हा तीच ठिकाणं, तीच पहाटेची वेळ आणि शक्यतो तेवढ्याच प्रवाहाचे दिवस निवडा. पहिल्या महिन्यात वरच्या ठिकाणांचे आकडे सुधारतील आणि झोळाच्या तळाशी फारसा फरक दिसणार नाही. तिथला गाळ अजून आपली जुनी भूक भागवत असतो. झोळाच्या तळाच्या ठिकाणी एक बाटली पाण्याच्या पृष्ठभागाजवळ आणि एक गाळाच्या हातभर वर भरत राहा. दोन्हीतला फरक कमी व्हायला लागला की गाळ शांत होतोय असं समजा.